ऐकण्यातली चूक

आमच्या घरात सकाळी सगळ्यांत आधी बोलायचा तो आबांचा रेडिओ. मग चुलीपाशी आईच्या भाकरीची थपथप, आणि थोड्या वेळानं मागच्या बोळातली पिठाची गिरणी. गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्यावर कुणीतरी पत्र्याचा डबा उलटा बसवलेला होता, त्यातून पुक् पुक् असा आवाज निघून पार शिवारापर्यंत जायचा. आई त्या आवाजावरून वेळ ओळखायची. गिरणी सुरू झाली म्हणजे एसटीला अर्धा तास उरला. मग तिची घाई, माझी घाई, डब्यात दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी, फडक्यात बांधलेला कांदा, आणि दादांची दारातून हाक, "सुमे, चल गं, गाडी माळावर दिसायली." मला आज पासष्टीकडं झुकल्यावरही कधी कधी पहाटे जाग आली की क्षणभर वाटतं, आता गिरणी सुरू होईल.

दादा म्हणजे माझे वडील. तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या हायस्कुलात ते प्रयोगशाळेत परिचर होते. काचेच्या नळ्या धुणं, आम्लांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, तास संपला की टेबलं पुसणं. त्यांच्या बोटांची टोकं कायम पिवळी असायची. त्याच आवारात संस्थेचं कॉलेज होतं आणि मी तिथं बारावीला, कला शाखेला. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली मुलगी. एसटीत मी बायकांच्या बाजूला बसायची, दादा मागं उभे. माझ्या शिकण्याला अट एकच होती, तीही आईनंच घातलेली, "तुझ्यावरनं घरात कुणाचं बोलणं यायचं न्हाय. आलं की वह्या-पुस्तकं माळ्यावर." दादा काही बोलायचे नाहीत. ते एकूणच कमी बोलत. संस्थेचे सचिव काकासाहेब समोरून येताना दिसले की दादा चप्पल काढून बाजूला उभे राहायचे. कॉलेजच्या पोर्चमध्ये, पोरीसोरींच्या देखत. मला ते बघायला नको वाटायचं म्हणून मी वाट बदलून जायची.

दादांना ती नोकरी आबांच्या शब्दावर मिळाली होती. आबा, माझे आजोबा, स्वातंत्र्यसैनिक. निजामाच्या राजवटीत ते निजामाशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात होते, काकासाहेबांच्या वडिलांच्या हाताखाली. दोघांनी मिळून करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका जाळला होता. आबांच्या डाव्या तळहातावरची कातडी त्यात भाजली ती शेवटपर्यंत मेणासारखी गुळगुळीत राहिली. काकासाहेबांच्या वडिलांचा मोठा फोटो कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत होता, त्याला रोज ताजा हार. मुक्तिदिनाला आबा आमच्या गावच्या शाळेत झेंडा लावायचे आणि भाषण करायचे. दरवर्षी तेच भाषण. रझाकारांनी शेजारच्या गावातली घरं कशी पेटवली, बायाबापड्या उसाच्या फडात कशा लपल्या, नाका कसा जाळला, मग फौज कशी आली आणि झेंडा कसा लागला. झेंडा लागला की भाषण संपायचं. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्या ओठांबरोबर ओठ हलवायची, इतकं ते मला पाठ होतं.

आम्हाला इतिहास शिकवायला त्या वर्षी सरवदे मॅडम आल्या. सोलापूरकडच्या. वडील रेल्वेत कामाला होते, आई धुणीभांडी करायची. हे त्यांनी पहिल्याच तासाला स्वतः सांगितलं, कुणी विचारण्याआधी. उंच, सावळ्या, कडक इस्तरीची सुती साडी, हातात घड्याळ आणि दुसरं काही नाही. त्यांना कॉलेजजवळ खोली मिळाली नाही. का मिळाली नाही ते सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बौद्ध वस्तीच्या कडेला एका पोस्टमनच्या घरात त्यांनी एक खोली घेतली होती आणि तिथून त्या चालत यायच्या. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

त्यांच्या तासाला एक गोष्ट वेगळी होती. त्या नोट्स सांगत नसत. आम्हाला पहिले पंधरा दिवस काय करावं तेच कळेना. पेन उघडून बसायचं आणि त्या नुसत्या प्रश्न विचारायच्या. हा राजा चांगला होता असं पुस्तक म्हणतं, पण कुणासाठी चांगला? हा कर माफ केला, पण कुणाचा? दिवाळीनंतर एके दिवशी त्यांनी आम्हाला एक काम दिलं. अभ्यासक्रमात नव्हतं, त्याला गुण नव्हते. त्या म्हणाल्या, "तुमच्या गावात निजामाचं राज्य पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. अजून दहा-वीस वर्षांनी नसतील. तुमच्या गावाचं काय झालं हे सांगायला बाहेरचा कुणी येणार नाही. जाऊन विचारा, आणि ते जसं बोलतील तसं लिहा. स्वतःचं घालू नका."

मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, परीक्षेला येतंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगते आहे."

मी काही फार विचार केला नाही. माझ्या घरातच स्वातंत्र्यसैनिक होते, भाषण मला पाठ होतं, अक्षर चांगलं होतं. वर्गात माझीच वही सगळ्यांत चांगली होणार याची मला खात्री होती. पण भाषण जसंच्या तसं उतरवून काढलं तर ते जेमतेम चार पानं भरलं. मॅडमनी निदान दहा पानं म्हटलं होतं. उरलेल्या सहा पानांसाठी मी आबांना विचारलं. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

त्या दिवशी येळवस होती. आमच्या भागात वेळ अमावस्येला गावात कुणी राहत नाही, सगळं गाव शेतात जातं. आईनं आदल्या दिवसापासून राबून भज्जी केली होती. तूर, वाटाणा, हरभरा, पातीचा कांदा, चाकवत, सगळं ताक-बेसनात शिजवलेलं. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि मडकं भरून आंबील. ज्वारी कमरेच्या वर आली होती. कडब्याची कोप करून आत पाच दगडांना चुना लावून पूजा झाली, दादा शेताभोवती आंबील शिंपडून आले, मग सगळे जेवले. जेवणानंतर आई आणि शेजारच्या बाया बोरं वेचायला ओढ्याकडं गेल्या, दादा घोंगडीवर आडवे झाले आणि घोरायला लागले. आबा कोपीच्या सावलीत हरभऱ्याचा डहाळा सोलत बसले होते. मी वही घेऊन त्यांच्यापुढं बसले.

"आबा, कॅम्पातून तुम्ही गावात परत आलात, तेव्हा गाव कसं होतं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न त्यांच्या भाषणाच्या पुढचा होता. झेंडा लागल्यावर काय झालं, असं त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

"कसं आसणार," ते म्हणाले. "येड्यावानी झालं हुतं गाव." मग बराच वेळ नुसता डहाळा सोलत राहिले. मला वाटलं संपलं. मी वहीत 'वेड्यासारखे झाले होते' असं लिहिलं. तेवढ्यात ते म्हणाले, "आता जिथं पिठाची गिरणी हाय ना, तिथं पिंजाऱ्याचं, मुसलमानाचं, घर हुतं. तुला कुणी सांगितलं न्हाय."

"नाही."

"कोण सांगणार. नवरा, बायकू, दोन लेकरं आन् म्हातारी. गाद्या भरायचा. माझ्या लग्नातली गादी त्यानंच भरल्याली. रझाकार गावात आले तवा त्यो आतून कडी लावून बसल्याला. त्याचा कशाशी संबंध न्हाय. पर निजाम पडला, फौज फुडं गेली, आन् आपली माणसं हिंडाय लागली. कॅम्पातली बी हुती, गावातली बी हुती. मोठ्या घरची म्होरं हुती, म्हणून कुणी आडवं आलं न्हाय. आधी म्हणले, नुसतं गावाभाईर घालवायचं. मग खालच्या मळ्यातल्या हिरीपाशी नेलं. म्हातारीला खाटंसकट नेलं."

मी लिहीत होते. हात चालत होता. काय लिहिते आहे ते मागाहून कळत होतं. "मग?" मी विचारलं.

"मग काय. हिरीला पाणी भरपूर हुतं."

"तुम्ही काय केलंत, आबा?"

"म्या उभा हुतो." त्यांनी हातातला डहाळा खाली ठेवला. "माझ्या हातात काठी हुती आन् म्या उभा हुतो. पिंजारी मला नावानं हाका मारीत हुता."

ओढ्याकडून बायांचं हसणं येत होतं. दादा घोरत होते. आबांनी त्या म्होरच्या माणसाचं नावही सांगितलं. ते काकासाहेबांच्या वडिलांचं होतं. ते मी वहीत लिहिलं नाही. तेवढी अक्कल मला होती. बाकी सगळं जसंच्या तसं लिहिलं, आबांच्या बोलीत, म्या आणि हुतो सकट, कारण मॅडमनी स्वतःचं घालू नका म्हणून सांगितलं होतं. परत येताना आबा माझ्यापुढं चालत होते आणि मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. मला काय वाटलं, असं आज विचारलं तर खरं उत्तर हे आहे की मला दहा पानं भरल्याचं समाधान वाटलं. भीती, दुःख, जे काही वाटायला हवं होतं ते पुढं फार सावकाश आलं. गिरणीवर दळण घेऊन जायची माझी पाळी आली त्या दिवशी आलं. मी डबा खाली ठेवला आणि पायाखालची जमीन बघत उभी राहिले.

मॅडमनी वह्या नेल्या आणि आठवडाभरानं मला एकटीला बोलावलं. त्यांच्या हातात माझी वही होती. समासात त्यांनी एकच प्रश्न लिहिला होता: 'हे आणखी कुणाला विचारता येईल?' त्या म्हणाल्या, "सुमन, हे मी वर्गात वाचू का? तुझं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. तू नको म्हणालीस तर वाचणार नाही. विचार करून उद्या सांग."

मी उद्यापर्यंत थांबले नाही. "वाचा ना, मॅडम," म्हणाले. मला शाबासकी हवी होती.

त्यांनी वाचलं. नाव न घेता वाचलं, पण वर्गात चाळीस मुलं, सगळी आजूबाजूच्या गावांची. गिरणी कुठल्या गावची आणि कॅम्पातले आबा कुणाचे हे कळायला कितीसा वेळ लागतो. वाचून संपलं. मग त्याच मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, मग आपण मुक्तिदिनाला साजरं काय करतो?" तो चिडून विचारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "सुटका झाली हे खरं आहे. रझाकारांनी घरं जाळली हेही खरं आहे. आणि हे घडलं तेही खरं. एक खरं सांगण्यासाठी दुसरं लपवावं लागत असेल तर तो इतिहास नाही, भाषण आहे."

मी खाली मान घातली. भाषण म्हणजे माझ्या आबांचं भाषण, असं मला वाटलं, आणि मला मॅडमचा राग आला. हा राग मी इथं मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं त्यात तोही होता.

दोन दिवसांत तालुक्याच्या गावात बातमी पसरली की सरवदे मॅडम मुक्तिसंग्रामाला खुनाखुनी म्हणतात, स्वातंत्र्यसैनिकांना मारेकरी म्हणतात. मॅडम कोणत्या समाजाच्या याचीही त्यात भर पडली. "ह्यांना आपल्या गावच्या भानगडी कशाला," असं प्राध्यापकांच्या खोलीत कुणी म्हणाल्याचं दादांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. माझी वही कार्यालयात जमा झाली. प्राचार्यांनी मॅडमकडं माफीचं पत्र मागितलं. कार्यालयातले हेडक्लार्क दादांना म्हणाले, बाईंनी पत्र दिलं, पण ते माफीचं नाही. त्यात लिहिलंय, मी मुलांना विचारायला शिकवते, उत्तर काय यावं हे मी ठरवत नाही. हेडक्लार्क हसत होते म्हणे. दादा हसले नाहीत. त्यांना काकासाहेबांनी बोलावणं पाठवलं होतं: उद्या अकराला वडिलांना आणि मुलीला घेऊन या.

त्या संध्याकाळी आईनं येसराची, भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची, आमटी केली होती, पण कुणी धड जेवलं नाही. दादा आबांसमोर उकिडवे बसले. असे ते काकासाहेबांपुढंच बसत. "आबा, तुमी असलं कायबी बोलला न्हाई म्हणून सांगा. एवढंच. माझी नोकरी तुमच्या शब्दावर हाय. पोरीचं लगीन व्हायचंय." आई चुलीपाशी बसून म्हणाली, "म्या आधीच म्हणले हुते." कुणाला म्हणाली कळलं नाही. आबा रेडिओचं बटण फिरवत राहिले. नुसती खरखर येत होती तरी फिरवत राहिले. मला वाटत होतं, उद्या काकासाहेबांपुढं ते हो म्हणतील. 'मीच सांगितलं' म्हणतील. नाका जाळणारा माणूस एका टेबलापुढं काय घाबरणार.

प्राचार्यांच्या खोलीत काकासाहेब होते, प्राचार्य होते, हेडक्लार्क होते. बाहेर व्हरांड्यात एका लोखंडी खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. त्यांना आत बोलावलं नव्हतं. काकासाहेब उठले आणि आबांच्या पाया पडले. खरोखर वाकून पडले. आबांना गादीची खुर्ची दिली, चहा आणवला. दादा दारापाशी उभे. काकासाहेबांचा आवाज फार मऊ होता. सगळा वेळ त्यांनी तो एकदाही चढवला नाही.

"आबा, तुम्ही आमच्या वडिलांच्या जागी. तुम्हाला इथं यावं लागलं, मला वाईट वाटतं. नातीच्या वहीत काही लिहिलंय. तुम्ही तिला असं काही सांगितलंत का, एवढंच."

आबांच्या हातात कपबशी होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. भिंतीवर काकासाहेबांच्या वडिलांचा फोटो होता, हाराच्या मागं अर्धा झाकलेला. आबांनी त्याच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही.

"लेकरू हाय," ते म्हणाले. "ऐकण्यात चूक झाली आसंल."

आज मला त्या वाक्याची किंमत कळते. त्यांनी मला खोटारडी म्हटलं नाही. मॅडमचं नाव घेतलं नाही. खोटं तर बोलले, पण ते कमीत कमी जागेत बसवलं आणि मला त्यातून निघायला वाट ठेवली. मी नुसतं 'हो, चूक झाली' म्हणायचं होतं. मग कदाचित वही फाडली असती, मॅडमना समज दिली असती, मला चार शब्द ऐकावे लागले असते. मी हा हिशेब नंतर हजारदा केला आहे.

काकासाहेब माझ्याकडं वळले. "बाळ, ऐकण्यात एवढं मोठं कसं चुकेल? विहीर, खाट, लेकरं. हे तुझ्या मनानं येणार नाही. कुणीतरी सांगितलं असेल. असं लिही म्हणून. घाबरू नकोस."

दारापाशी दादा उभे होते. त्यांच्या चपला बाहेर होत्या.

"मॅडमनी," मी म्हणाले.

कुणी मला मारलं नव्हतं, कोंडलं नव्हतं. हेडक्लार्कनी कागद पुढं केला, काकासाहेबांनी सांगितलं आणि मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: सदर मजकूर मला प्राध्यापिकांनी सांगितल्यावरून मी लिहिला, माझ्या आजोबांनी असे काही सांगितलेले नाही. खाली सही. 'सदर' हा शब्द मी तोवर कधी लिहिला नव्हता. काकासाहेब म्हणाले, "अक्षर छान आहे हं."

बाहेर आलो तर मॅडम तिथंच होत्या. दादा आणि आबा पुढं गेले. मला त्यांच्यासमोरून जावंच लागणार होतं.

"सही केलीस?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"बरं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "परीक्षा बुडवू नकोस. काही झालं तरी परीक्षेला बस."

परतीच्या गाडीत त्या दिवशी मला आबांशेजारी जागा मिळाली. दादा कामावर थांबले होते. बरंच अंतर गेल्यावर मी म्हणाले, "आबा, तुम्हीच तर मला..."

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हय. म्या तुझ्यावर ढकललं. तू बाईवर ढकललंस. संपलं."

मॅडमना काढल्याचा कागद त्याच आठवड्यात निघाला. समाजात तेढ निर्माण होईल असे अध्यापन, असं त्यात होतं, आणि पुराव्यादाखल एका विद्यार्थिनीचा जबाब जोडला होता. त्या कुठल्या गाडीनं गेल्या मला माहीत नाही. पोस्टमनची मुलगी आमच्या वर्गात होती. ती म्हणाली, एक ट्रंक आणि एक वळकटी होती, उचलायला वस्तीतली माणसं आली होती, कॉलेजातलं कुणी नव्हतं. त्यांच्या जागी एक सर आले. ते प्रश्न सांगायचे, उत्तर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. मागच्या बाकावरचा मुलगाही उतरवून घ्यायचा. बोर्डाच्या परीक्षेत हैदराबाद मुक्तिसंग्रामावर प्रश्न आला आणि मी आबांचं भाषण लिहून आले. इतिहासात मी कॉलेजात पहिली आले. संस्थेनं माझा सत्कार केला. नारळ आणि शाल काकासाहेबांच्या हस्ते.

आणि मी बी.एड. झाल्यावर त्याच संस्थेच्या एका शाळेत मला इतिहासाची शिक्षिका म्हणून घेतलं. मुलाखतीत कुणी काही विचारलं नाही. काकासाहेब नुसते म्हणाले, "ही आपल्या आबांची नात. विश्वासातली आहे." मी हात जोडले. नोकरीत मी कधी उशिरा गेले नाही, कधी पुस्तकाबाहेर गेले नाही. मुलं विचारत. मुलं नेहमीच विचारतात. मी म्हणायची, "ते परीक्षेला नाही." काही दिवसांनी ती विचारायची थांबत. चांगली शिक्षिका म्हणून माझं नाव होतं. परवा माझा भाचा आला होता, तो आता आमच्याच जिल्ह्यात, धाराशिवला, एका कॉलेजात शिकवतो. म्हणाला, "मावशी, आता वर्गात काही बोलायची सोय नाही. पोरं मोबाईलवर तास रेकॉर्ड करतात, त्यातली वीस सेकंदं कापली की झालं. मी तर लिहून नेतो आणि तेवढंच वाचतो." मी त्याला ही गोष्ट सांगायला तोंड उघडलं आणि चहा ठेवते म्हणून उठले. आता निवृत्त झाले, काकासाहेब गेले, दादा-आई गेले, माझं कुणी काही बिघडवू शकत नाही. म्हणून लिहिते आहे. यात धाडस काही नाही.

मॅडमचा शोध मी घेतला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी घेतला नाही. सोलापूरला कितीदा जाणं झालं. स्टेशनाजवळच्या रेल्वे वसाहतीवरून रिक्षा जायची तेव्हा मी पिशवीत काहीतरी शोधत बसायची.

आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. मुक्तिदिनाला झेंडा लावत राहिले. भाषण मात्र दरसाल आखूड होत गेलं, आणि शेवटी शेवटी ते नुसतं 'भारतमाता की जय' म्हणून खाली बसायचे. लोकांना वाटायचं वय झालं. माझ्याशी नीट बोलायचे, लग्नात माझ्या डोक्यावर हात ठेवून रडले, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन शेतात हिंडले. त्या विषयाला आम्ही दोघांनीही हात लावला नाही. मग एका उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. मला सुट्टी होती, मी मुलीला घेऊन माहेरी आले. त्यांची खाट पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीपाशी होती, वारा यावा म्हणून.

एका दुपारी आई आतल्या खोलीत निजली होती, मुलगी तिच्याजवळ. मी आबांचे पाय चेपत होते. त्यांना ग्लानी होती असं मला वाटत होतं, पण त्यांनी डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात मला म्हणाले, "सुमन, बस हितं. त्या दिशी म्या समदं सांगितलं न्हवतं." आणि बोलायला लागले. आधी पिंजाऱ्याचं नाव घेतलं, मग त्याच्या बायकोचं, मग लेकरांचं, एकेकाचं. मग विहिरीपाशी कोण कोण होतं त्यांची नावं घ्यायला लागले, घर सांगून, बापाचं नाव सांगून. त्यांतलं दुसऱ्या क्रमांकाचंच नाव काकासाहेबांच्या घरचं होतं. आबांचा आवाज चढत गेला. इतका मोठा आवाज मी त्यांचा कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

बाहेर समोरच्या ओट्यावर दोन माणसं सावलीला बसली होती. त्यांतल्या एकानं मान वळवली.

मी उठले आणि खिडकी लावून घेतली. कडीही लावली.

आबांनी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं. पुष्कळ वेळ बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, तो असता तर मला सोसला असता. मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्यानंतर ते आठ दिवस होते. पाणी मागत, ऊन उतरलं का विचारत, पणतीला जवळ बोलावत. मी रोज दुपारी त्यांच्या खाटेशी जाऊन बसायची; वाट बघत होते म्हणा. ती नावं त्यांनी पुन्हा घेतली नाहीत.